जुन्या डिझेल पिकअप ट्रकची इंधन-काटकसर : अमेरिकेतील एका अनुभवाचे परीक्षण

इंधनाची काटकसर हा यंत्राचा गुण मानावा की यंत्राच्या उपयोगाचा, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७३ नंतर डिझेल पिकअप ट्रकचा जो प्रसार झाला, त्याचे निरीक्षण केले असता तो इतिहासाचाही आहे हे ध्यानात येते. १९८० ते २००० या काळात बांधल्या गेलेल्या या गाड्यांपैकी बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांचा इंधनव्यय कसा कमी करावा याविषयी त्यांच्या मालकांत व मेकॅनिकांत एक विस्तृत व्यवहारविद्या निर्माण झालेली आहे. या विद्येतील जे उपाय खरोखर लागू पडतात ते तपासून पाहिले म्हणजे त्यांत नवीन असे फारसे आढळत नाही. गाडी मुळात ज्या परिस्थितीसाठी आखली गेली, ती परिस्थिती, म्हणजे मंद वेग, एंजिनाचे थोडे फेरे आणि माफक शक्ती, पुन्हा निर्माण करण्याचे ते प्रयत्न होत. ही परिस्थिती कायद्याने व बाजाराने घडविली होती, आणि पुढे त्या दोहोंनीच ती मोडली. ती घडली कशी व मोडली कशी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पिकअप ट्रक म्हणजे पुढे दोघातिघांना बसण्याची खोली व मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. शेतकरी, बांधकामाचे ठेकेदार, सुतार, नळकाम करणारे यांचे हे वाहन. ते कधी दोन टन ओझे ओढते, तर बहुतेक वेळा मोकळेच धावते. डिझेल एंजिनाचा या वाहनाशी जो मेळ बसला त्याचे कारण या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे. पेट्रोल एंजिनात शक्ती कमी करावयाची तर हवेच्या वाटेवरील झडप मिटून घ्यावी लागते, आणि अर्धवट मिटलेल्या वाटेने हवा ओढण्यात दट्ट्याचे श्रम वाया जातात. डिझेल एंजिनात हवा पुरेपूर घेतली जाते आणि केवळ इंधनाची मात्रा कमीअधिक केली जाते. त्यामुळे ओझे हलके असतानाच त्याचे श्रेष्ठत्व सर्वांत अधिक दिसून येते. उच्च संपीडनाचा लाभ अर्थातच याहून मूलभूत आहे. रुडोल्फ डिझेल यांच्या एंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी जी परीक्षा घेतली, तीत इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता उपयुक्त कार्यात परिणत झाली. वाफेच्या तत्कालीन एंजिनांना हे साध्य नव्हते. याखेरीज डिझेल तेलात लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-दशमांश अधिक ऊर्जा असते. हा मात्र तेलाचा गुण आहे, एंजिनाचा नव्हे, आणि दोहोंची तुलना करणारे लोक तो वजा करण्यास बहुधा विसरतात.

अमेरिकेत या काटकसरीचे पहिले मोठे प्रदर्शन इंडियाना संस्थानातील कोलंबस गावच्या क्लेसी कमिन्स यांनी केले. त्यांची एंजिन कंपनी १९१९ साली स्थापन झाली होती. मंदीच्या तोंडावर गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी आपले एक डिझेल एंजिन पॅकार्ड मोटारीत बसविले आणि जानेवारी १९३० मध्ये ती गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनास चालवीत नेली. सुमारे ८०० मैलांच्या या प्रवासास अवघ्या १ डॉलर ३८ सेंटांचे इंधन लागले. ही कथा आजही कौतुकाने सांगितली जाते. परंतु त्या वेळी अमेरिकेत पेट्रोलच इतके स्वस्त होते की या प्रयोगाचा परिणाम मोठ्या मालमोटारींपुरता मर्यादित राहिला. हलक्या वाहनाच्या मालकास डिझेलकडे वळण्याचे प्रयोजन पुढील चाळीस वर्षे पडले नाही.

ते प्रयोजन ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीने निर्माण केले. २ जानेवारी १९७४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने संबंध देशात ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा लागू झाली. डिसेंबर १९७५ च्या ऊर्जा-कायद्याने मोटार-उत्पादकांवर सरासरी इंधन-काटकसरीचे बंधन घातले. प्रवासी मोटारींना ते १९७८ च्या मॉडेलपासून लागू झाले, हलक्या ट्रकना एक वर्षानंतर. मात्र ट्रकच्या बाबतीत एक रेषा आखली गेली. ओझ्यासह एकूण वजनाची मर्यादा ८,५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोग्रॅमहून, अधिक असलेली गाडी या नियमांच्या बाहेर राहिली. तिला सरासरीचे बंधन नव्हते, तशी तिच्या इंधनव्ययाची अधिकृत मोजणी करून ती खिडकीवर लावण्याची सक्तीही नव्हती. या रेषेचे परिणाम दूरगामी झाले.

प्रारंभीचे प्रयत्न उसन्या एंजिनांवर झाले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९७६ साली स्काउट जातीच्या गाड्यांत निसानचे, तर डॉजने १९७८ साली आपल्या पिकअपमध्ये मित्सुबिशीचे डिझेल एंजिन देऊ केले. दोहोंचा खप थोडा झाला. त्याच १९७८ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल विभागाचे ५.७ लिटरचे व्ही-८ डिझेल एंजिन बाजारात आणले व ते शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या पिकअपमध्येही बसविले. हे एंजिन पेट्रोल एंजिनाच्या आराखड्यावरून केलेले होते. त्याचा सांगाडा मजबूत करण्यात आला, तथापि माथा आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी जुनीच ठेवण्यात आली. डिझेलच्या दाबापुढे ते ताणले जाऊन माथ्याखालील गॅस्केट फुटू लागले. इंधनातील पाणी वेगळे करण्याची सोय नसल्याने फवाऱ्याचे पंप गंजले. १९८५ साली हे एंजिन बंद झाले. तोवर हलक्या डिझेल वाहनाविषयी अमेरिकन गिऱ्हाइकाचे मन पुरते विटले होते. याच सुमारास फोक्सवागेन, डॅटसन, इसुझू, टोयोटा यांच्या लहान डिझेल पिकअप गाड्याही तेथे विकल्या जात होत्या. निव्वळ काटकसरीच्या दृष्टीने पाहता त्यांची बरोबरी नंतरच्या कोणत्याही मोठ्या पिकअपने केली नाही. परंतु १९८४ च्या कायद्याने डिझेलवरील संघराज्याचा कर गॅलनमागे ९ सेंटांवरून १५ सेंट झाला, पेट्रोलवरील कर ९ सेंटच राहिला, आणि १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. त्या दशकाच्या अखेरीस या लहान गाड्या बाजारातून नाहीशा झाल्या. म्हणजे डिझेल पिकअपचा जो वंश टिकला तो काटकसर हे मुख्य प्रयोजन मानणाऱ्यांचा नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

जो वंश टिकला त्याचा आरंभ जनरल मोटर्सच्या १९८२ सालच्या ६.२ लिटर एंजिनाने होतो. हे मुळापासून डिझेल म्हणूनच आखलेले होते. शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती. ओल्ड्समोबिलच्या एंजिनाहून आकाराने मोठे असूनही त्याचा भर शक्तीवर नव्हता. इंधन थेट सिलिंडरात न फवारता माथ्यातील एका लहान उपकक्षेत फवारावयाचे व तेथून ज्वाला अरुंद वाटेने बाहेर काढावयाची, ही हॅरी रिकार्डो यांची ‘कॉमेट’ पद्धती त्यात वापरलेली होती. या पद्धतीने एंजिन मऊ चालते व स्वस्त पंपावर भागते. पण उपकक्षेच्या भिंतींतून उष्णता निसटते, आणि थेट फवाऱ्याच्या तुलनेने इंधन दहा ते पंधरा टक्के अधिक लागते. हा तोटा या गाडीने दुसऱ्या बाजूने भरून काढला. त्याच वर्षी निघालेल्या चार गतींच्या स्वयंचलित गिअरपेटीत चौथी गती ओव्हरड्राइव्हची होती, म्हणजे एंजिनापेक्षा पुढील दांडा अधिक फेरे घेई. ५५ मैलांच्या वेगाला हे एंजिन अक्षरशः रेंगाळत चाले. पाठोपाठ १९८३ साली फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६.९ लिटरचे, याच उपकक्षा-पद्धतीचे एंजिन घेतले.

थेट फवाऱ्याचे एंजिन पिकअपमध्ये आले ते १९८९ च्या डॉजबरोबर. कमिन्सचे हे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे बी-मालिकेतील एंजिन मूलतः शेतीची व बांधकामाची यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून आखलेले होते. केस या ट्रॅक्टर-कंपनीच्या भागीदारीने उत्तर कॅरोलायनातील रॉकी माउंट येथे त्याचे उत्पादन होई. (कमिन्स हे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही, १९६२ साली पुण्यास स्थापन झालेली किर्लोस्कर कमिन्स, पुढील कमिन्स इंडिया, याच घराण्यातील.) टर्बोचार्जर, बॉशचा यांत्रिक पंप, १६० अश्वशक्ती आणि ४०० फूट-पौंड टॉर्क, तोही दर मिनिटास १,७०० फेऱ्यांच्या आसपास, असे त्याचे स्वरूप होते. डॉजच्या गाडीचा सांगाडा मात्र १९७२ सालचा होता आणि स्वयंचलित गिअरपेटी तीनच गतींची, ओव्हरड्राइव्हविरहित. तिची उणीव भरून काढण्यासाठी मागील आसाचे प्रमाण ३.०७ ठेवण्यात आले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास मधल्या दांड्याचे तीन फेरे व वर थोडे. ही गाडी विलक्षण काटकसरी म्हणून प्रसिद्धी पावली, आणि सारे श्रेय एंजिनाच्या पदरात पडले.

या श्रेयाची वाटणी पुन्हा तपासली पाहिजे. चाकाचा व्यास ३१ इंच धरला, तर ३.०७ प्रमाणाच्या गाडीत ५५ मैल वेगाला एंजिन मिनिटास सुमारे १,८३० फेरे घेते. तीच गाडी ओझी ओढण्यासाठी ४.१० प्रमाणाची घेतली असता फेरे सुमारे २,४४० होतात. मोकळ्या पिकअपला सपाट रस्त्यावर या वेगाने धावण्यास तीस ते चाळीस अश्वशक्ती पुरते. काम दोन्ही गाड्यांत तेच, पण दुसरीत दट्ट्ये, बेअरिंगे, पंप आणि पंखा यांच्या घर्षणापोटी बरेच अधिक इंधन जळते, आणि ओझे जितके हलके तितका या व्यर्थ व्ययाचा वाटा मोठा. एकाच कारखान्यातून, एकाच एंजिनासह निघालेल्या दोन गाड्यांच्या इंधनव्ययात जी तफावत मालकांना आढळे, तिचे एक मोठे कारण आसाच्या या आकड्यात होते. जुन्या गाडीची काटकसर वाढविण्याचा सर्वांत भरीव उपाय म्हणून आसाचे दंतचक्र बदलणे किंवा गिअरपेटीच्या मागे स्वतंत्र ओव्हरड्राइव्ह बसविणे हा सांगितला जातो, तो यामुळेच. अशा उपकरणांपैकी गिअर व्हेंडर्स कंपनीचे प्रसिद्ध उपकरण एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या आराखड्यावरून इंग्लंडात लेकॉक कंपनीने बनविलेल्या ओव्हरड्राइव्हचा वंशज आहे. एकेकाळी ब्रिटिश मोटारींसाठी केलेली ही युक्ती अमेरिकन शेतकऱ्याच्या ट्रकखाली जाऊन बसावी, हा इतिहासाचा एक गमतीचा फेरा म्हटला पाहिजे. तिच्या योगे फेरे २२ टक्क्यांनी उतरतात. वर उल्लेखिलेले २,४४० फेरे १,९०० च्या आसपास येतात.

वेगाची बाब याहून कठोर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५५ ऐवजी ६५ मैल वेग धरला तर तो सुमारे ४० टक्क्यांनी, आणि ७५ धरला तर ८६ टक्क्यांनी वाढतो. पिकअपचा उंच चौकोनी तोंडवळा या बाबतीत फार महाग पडतो. नासाच्या ड्रायडन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात एडविन सॉल्ट्झमन व त्यांचे सहकारी यांनी एका व्हॅनला पेटीसारखा चौकोनी आकार देऊन जे प्रयोग केले, त्यांत नुसत्या उभ्या कडा गोल केल्याने हवेचा विरोध ४० टक्क्यांनी घटला. आडव्या कडाही गोल केल्यावर तो निम्म्याहून खाली आला. या प्रयोगांचा लाभ पुढे मोठ्या मालमोटारींना मिळाला. पिकअपच्या वाट्यास मात्र एक लोकभ्रम आला : मागचा फाळका पाडून ठेवला म्हणजे हवा मोकळी निघून जाते आणि इंधन वाचते. वस्तुस्थिती अशी की फाळका लावलेला असता हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिर होतो आणि वरचा प्रवाह त्याच्या पाठीवरून सरकत जातो; फाळका पाडल्यास तो भोवराच मोडतो. वाताच्या बोगद्यातील परीक्षांत फाळका पाडण्याचा लाभ दिसून आलेला नाही, उलट कित्येकदा हानीच दिसली आहे. हौद्यावर ताणलेल्या आच्छादनाचा थोडा उपयोग होतो.

दुरुस्तीच्या उपायांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण ते सर्व एकाच जातीचे आहेत : झिजलेले पूर्ववत् करणे. ६.२ लिटरच्या एंजिनात पंप साखळीच्या द्वारे फिरविला जातो. ती साखळी ताणली गेली की फवारा उशिरा पडू लागतो आणि इंधन अधिक लागते. कमिन्समध्ये पंप दंतचक्रांवर चालत असल्याने हा दोष उद्भवत नाही. तेथे नॉझलांची झीज व टर्बोच्या नळ्यांतील गळती तपासावी लागते. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर एंजिन थंड राहून तेल अधिक पिते. ब्रेक घासत असणे, टायरांत हवा कमी असणे, पंख्याचा क्लच अडकून पंखा सदैव फिरत राहणे, या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींची बेरीज लहान नसते. फवाऱ्याची वेळ मूळ मापापेक्षा अलीकडे ओढल्यास काटकसर वाढते हे खरे. परंतु त्याबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, आणि उत्पादकांनी ही वेळ पुढे ढकलली होती ती बव्हंशी धूर-नियमांपायीच; शिवाय तेथील स्वच्छ-हवा कायदा असा फेरफार करू देत नाही. इंधनाच्या नळीभोवती लोहचुंबक बांधणे वगैरे उपायांची तर चर्चाच नको. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने अशा शंभरावर साधनांचे परीक्षण केले, त्यांतून लक्षणीय लाभ देणारे एकही साधन निघाले नाही.

येथे साधनसामग्रीचा एक प्रश्न उपस्थित होतो. ८,५०० पौंडांच्या रेषेमुळे कमिन्स-डॉजसारख्या गाड्यांचे अधिकृत आकडे अस्तित्वातच नाहीत. उपलब्ध आहेत त्या मालकांनी ठेवलेल्या वह्या, आणि त्या वापरताना सावधगिरी बाळगावी लागते. डिझेलला फेस येतो, त्यामुळे टाकी एकदा काठोकाठ व एकदा उणी भरली जाऊन एका भरण्यावरचा हिशेब चुकतो. मोठे टायर लावले की मैलमापक प्रत्यक्षापेक्षा कमी मैल दाखवितो. आसाचे प्रमाण ४.१० वरून ३.०७ वर आणले की, मापकाचे दंतचक्र न बदलल्यास, तीच चूक होते. म्हणजे ज्या उपायाने काटकसर खरोखर वाढली त्याचीच वही ती घटल्याचे सांगते! हिवाळ्यात थंडीने गोठू नये म्हणून इंधनात केरोसीनवजा हलके तेल मिसळतात, त्यात गॅलनमागे ऊर्जा कमी असते. भरीस भर म्हणजे ‘गॅलनला इतके मैल’ हे मापच फसवे आहे. १५ मैलांवरून १८ वर आलेली गाडी दर शंभर मैलांस १.११ गॅलन वाचविते. २५ वरून २८ वर आलेली केवळ ०.४३. जुन्या जड गाडीतील तीन मैलांची सुधारणा नव्या हलक्या गाडीतील तेवढ्याच सुधारणेच्या अडीच पट मोलाची आहे, हे या मापातून कळत नाही.

आता परिस्थिती मोडली कशी ते पाहू. १९८७ साली ग्रामीण भागातील आंतरसंस्थानीय महामार्गांवर ६५ मैलांची मुभा मिळाली; नोव्हेंबर १९९५ मध्ये राष्ट्रीय वेगमर्यादाच रद्द झाली. ज्या गाड्यांची गिअर-प्रमाणे ५५ मैल डोळ्यांपुढे ठेवून निवडली गेली होती, त्या आता ७० मैलांनी हाकल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या जुन्या ख्यातीस उणेपणा आला. मालकास वाटले, एंजिन म्हातारे झाले. दुसरीकडे नव्या गाड्यांत एंजिनविद्या झपाट्याने पुढे गेली. १९९४ च्या फोर्डमध्ये थेट फवारा आला. डॉजमध्ये १९९८ च्या मध्यास विजाणु-नियंत्रित पंप व २००३ साली सामाईक नळीतून उच्च दाबाने फवारण्याची पद्धती आली. या प्रत्येक पायरीवर तेच काम कमी इंधनात करणे शक्य होते. प्रत्यक्षात वाढली ती शक्ती. कमिन्सच्या पिकअप-एंजिनाचे १९८९ चे १६० अश्वशक्तीचे रूप २००३ साली ३०५ पर्यंत आणि २०१९ साली ४०० पर्यंत पोहोचले. ४०० फूट-पौंडांचा टॉर्क १,००० झाला. सिलिंडरांची संख्या सहाच राहिली, आकारमान ५.९ वरून ६.७ लिटर एवढेच वाढले. गाडीचे वजन, उंची आणि ओढण्याची क्षमता यांनी ही वाढ गिळून टाकली. ८,५०० पौंडांच्या रेषेपलीकडे काटकसरीचा हिशेब कोणी मागत नव्हता, मग उत्पादकांनी क्षमतेवर स्पर्धा केली यात नवल ते काय?

हा हिशेब अखेर मागितला गेला तो २०११ साली संमत झालेल्या व २०१४ च्या मॉडेलपासून अमलात येऊ लागलेल्या नियमांनी. परंतु जड पिकअपसाठी ठरविलेले माप गाडीच्या ‘कार्यांका’वर बेतलेले आहे. वाहून नेण्याची व ओढण्याची क्षमता मिळून हा अंक काढला जातो, आणि तो जितका मोठा तितकी इंधनव्ययाची सवलत अधिक. चारी चाकांना गती असल्यास त्याचीही वेगळी भर त्यात धरली जाते. १९८९ ची १६० अश्वशक्तीची, ३.०७ प्रमाणाची गाडी या मापाने तोलली असती, तर तिच्या वाट्यास आजच्या गाडीपेक्षा कडक मर्यादा आली असती.